सोमलाचा हिशेब

वसंत ऋतूत मरणाविषयी बोलावयास उभे राहणे प्रथमदर्शनी विसंगत वाटेल. परंतु झाडाला नवी पालवी फुटावयाची तर जुनी पाने गळावी लागतात. पान काही दर वेळी वाऱ्यानेच तुटते असे नाही; देठाशी झाड स्वतःच एक सांधा सैल करते आणि पान सोडून देते. आपल्या शरीरातील पेशींचेही असेच आहे. जुनी झालेली, बिघडलेली पेशी नेमाने स्वतःला आवरून घेते आणि नाहीशी होते. १९७२ साली केर, वायली आणि करी या तिघा संशोधकांनी या नेमस्त मरणाला नाव द्यावयाचे ठरविले, तेव्हा ॲबर्डीन विद्यापीठातील ग्रीक भाषेच्या प्राध्यापकांनी त्यांना ‘ॲपॉप्टोसिस’ हा जुना शब्द सुचविला. त्याचा अर्थ पानगळ. कर्करोगाची पेशी ही पानगळ टाळते आणि वाढतच राहते. तिला पुन्हा मरावयास लावणाऱ्या एका द्रव्याचा इतिहास आज सांगावयाचा आहे. ते द्रव्य म्हणजे सोमल, आपल्याकडे ज्याचे नाव उंदराच्या विषाबरोबरच निघते ते.

आम्ही डॉक्टर नव्हे, रसायनशास्त्रज्ञ तर मुळीच नव्हे. आमची शाळा आठवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. रासायनिक कारखान्यांतील कामगारांची संघटना बांधण्यात आमची तीस वर्षे गेली. तेव्हा हा विषय आम्ही का घेतला, हे आधी सांगितले पाहिजे.

पंधरा वर्षांपूर्वी आमच्या एका शाखेच्या चिटणीसांना फुप्फुसाचा कर्करोग झाला. आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. इस्पितळातील उपचार चालू होते, पण ते जिवावर आले होते. एके संध्याकाळी अण्णा कचेरीत आले आणि टेबलावर कागदाची एक पुडी ठेवून म्हणाले, “एका वैदूने दिली आहे. सगळे नैसर्गिक आहे म्हणतो. तू वाचतोस, तूच सांग, घेऊ का?” पुडीत काय आहे हे आम्ही विचारले नाही. आम्ही म्हणालो, “नैसर्गिक आहे ना, मग काय बिघडते?” अण्णांनी इस्पितळ सोडले. चार महिन्यांनी ते गेले. पुडीने गेले की रोगाने, हे आता कोणालाच सांगता यावयाचे नाही, कारण पुडीत काय होते ते कोठेच लिहिलेले नव्हते. कारखान्यातल्या प्रत्येक पिंपावर आत काय आहे ते लिहा, म्हणून आम्ही मालकांशी भांडत होतो, आणि आमच्याच माणसाच्या पुडीबद्दल तो प्रश्न आम्हांला सुचला नाही. त्यानंतर आम्ही वाचू लागलो.

सोमल निसर्गातलेच आहे. आर्सेनिक हे मूलद्रव्य खडकात गंधकाशी घट्ट बिलगून राहते. त्याचे पिवळे खनिज म्हणजे हरताळ, तांबडे म्हणजे मनशीळ. पोथी लिहिताना चूक झाली तर लेखक त्यावर हरताळ फाशीत, आणि त्यावरूनच केलेल्या कामावर हरताळ फासण्याचा वाक्प्रचार आला. आमच्या धंद्यातला हरताळ वेगळा. तो हाटाला टाळे लावण्यापासून आला. आर्सेनिकाची ही खनिजे भाजली म्हणजे धुरातून जी पांढरी भुकटी जमते तो सोमल. आपल्या रसवैद्यांनी त्याला गौरीपाषाण म्हटले आणि शोधनाशिवाय तो देऊ नये असे बजावले. हे विष आहे, हे त्यांना पक्के ठाऊक होते.

युरोपात त्याची औषध म्हणून ख्याती झाली ती अशाच एका पुडीपासून. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात हिवतापावर एक गुप्त औषध विकले जात असे. त्यात काय आहे हे विकणारा सांगत नसे. स्टॅफर्ड येथील इस्पितळाच्या औषधकाराने त्याचे पृथक्करण केले, तो आत सोमल निघाला. तेथील डॉक्टर टॉमस फाउलर यांनी मग ठराविक प्रमाणाचा द्राव बनविला आणि कोणत्या रोग्याला किती दिला, काय झाले, हे १७८६ साली छापून प्रसिद्ध केले. हा फाउलरचा द्राव पुढे शे-दीडशे वर्षे वापरात राहिला. १८६५ साली जर्मनीत लिसाउअर यांनी तो रक्ताच्या कर्करोगावर देऊन पाहिला आणि रोग्याला काही काळ उतार पडला. १८८२ साली अशाच रोग्याची हकीकत एका तरुण इंग्रज डॉक्टराने वैद्यकीय नियतकालिकात लिहिली. त्याचे नाव आर्थर कॉनन डॉयल, शेरलॉक होम्सचा जनक तोच. परंतु १८८७ च्या सुमारास जोनाथन हचिन्सन यांनी दाखवून दिले की दीर्घकाळ सोमल घेणाऱ्यांना कातडीचा कर्करोग होतो. जे कर्करोगाला आवरते तेच कर्करोग आणते, हे कोडे तेव्हापासूनचे आहे. विसाव्या शतकात क्ष-किरण आले, नवी औषधे आली, आणि सोमल मागे पडला.

औषधाचा इतिहास लिहिणारे बहुधा येथून पुढच्या शोधाकडे वळतात. आम्हांला मधल्या एका गोष्टीपाशी थांबणे भाग आहे. फाउलरचा रोगी थेंब मोजून घेत होता, त्याच शतकात हजारो माणसे न मोजता तो घेत होती. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात डेव्हन ग्रेट कॉन्सोल्स नावाची तांब्याची खाण होती. तांबे सरत आले तेव्हा तिने सोमल काढावयास सुरुवात केली आणि जगातील मोठ्या उत्पादकांत तिची गणना होऊ लागली. भट्टीचा धूर लांबच लांब बोगद्यांतून फिरवीत. भिंतींवर पांढरी भुकटी बसे. ती खरवडावयास माणसे आत शिरत. नाकात कापसाचे बोळे, तोंडाला फडके आणि उघड्या अंगाला माती फासलेली, एवढेच त्यांचे संरक्षण. हा सोमल भिंतीच्या हिरव्या कागदांत जाई, कापडाच्या रंगांत जाई, कृत्रिम फुलांच्या पानांवर जाई. १८६१ साली लंडनमध्ये माटिल्डा शोयरर ही १९ वर्षांची कामगार मुलगी अशा पानांवर हिरवी पूड लावता लावता विषबाधेने मेली. पुढे समाजवादी चळवळीत नाव कमावणारे कवी आणि कारागीर विल्यम मॉरिस यांच्या घरची संपत्ती याच खाणीच्या भागांतून आली होती. ते काही वर्षे तिचे संचालकही होते, आणि हिरव्या कागदाने माणसे आजारी पडतात या गोष्टीवर त्यांचा विश्वास बसत नव्हता. आमच्या चळवळीतल्या माणसांनी हे लक्षात ठेवावे; लाभ घरात येत असला की चांगल्या माणसालाही दुसऱ्याचे विष दिसत नाही. १८९५ च्या ब्रिटिश कारखाना कायद्याने सोमलाची बाधा झालेल्या कामगाराची खबर सरकारला देणे बंधनकारक केले. नोंद सुरू व्हावयास इतका काळ गेला.

आता चीनकडे वळू. १९७१ च्या सुमारास, सांस्कृतिक क्रांतीच्या काळात, डॉक्टरांना खेड्यापाड्यांत पाठविले जात होते. ईशान्येकडील हार्बिन शहराच्या वैद्यकीय विद्यापीठातील मंडळींना एका खेड्यातील उपाय कळला. सोमल, पाऱ्याचे रसकापूर जातीचे लवण आणि भेकाचे विष अशी ती मिसळ होती. हान ताइयुन या औषधकाराने तिचे टोचावयाचे औषध केले आणि चांग तिंगतुंग या रक्तरोगतज्ज्ञाने ते रोग्यांना देऊन पाहिले. येथे खरी कसोटी होती. गावठी उपाय म्हणून ते हसून सोडून देता आले असते, किंवा पूर्वजांचे ज्ञान म्हणून डोक्यावर घेऊन नाचता आले असते. त्यांनी दोन्ही केले नाही. मिसळ सुटी केली. पारा मूत्रपिंडाला अपाय करतो, भेकाच्या विषाने त्रास होतो, आणि गुण येतो तो एकट्या सोमलाने, असे आढळले. १९७३ साली पहिला अहवाल निघाला. पुढे दिसून आले की सर्वांत अधिक गुण रक्ताच्या एका विशिष्ट कर्करोगात येतो.

तो रोग म्हणजे तीव्र प्रोमायलोसाइटिक ल्युकेमिया. १९५७ साली नॉर्वेचे हिलेस्टाड यांनी त्याचे वेगळेपण ओळखले. यात पांढऱ्या पेशी अर्धवट वाढीवर अडून राहतात, रक्त गोठेनासे होते, आणि पूर्वी रोगी काही आठवड्यांत रक्तस्रावाने दगावत असे. १९७७ साली शिकागोच्या जॅनेट राउली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की या पेशींत १५ आणि १७ या क्रमांकांच्या गुणसूत्रांचे तुकडे अदलाबदल झालेले असतात. त्या अदलाबदलीतून दोन प्रथिनांचे एक जोडप्रथिन तयार होते आणि तेच पेशीची वाढ अडवून धरते.

सोमल तेथे काय करतो? खडकात आर्सेनिक गंधकाला बिलगते, हे वर आलेच आहे. पेशीतही ते तेच करते. आपल्या पेशीतील तंतुकणिका प्राणवायूच्या साहाय्याने अन्न जाळतात. चुलीतून ठिणग्या उडाव्यात तसे त्या ज्वलनातून प्राणवायूचे तापट कण निसटतात. त्या ठिणग्या विझविण्यासाठी पेशीने ग्लुटाथायोन नावाचे गंधकयुक्त द्रव्य बाळगलेले असते. सोमल या गंधकावरच हात घालतो. विझविणारा अडकून पडतो आणि ठिणग्या वाढतात. यालाच ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात. ताण मर्यादेबाहेर गेला की तंतुकणिकांचे आवरण ढासळते आणि आतील सायटोक्रोम-सी हे प्रथिन बाहेर येते. १९९६ साली अमेरिकेत शिआओतुंग वांग यांनी दाखविले की हे बाहेर येणे म्हणजेच मरणाचा इशारा आहे. मग कॅस्पेस नावाची कातरणारी प्रथिने जागी होतात आणि पेशी आपल्या हाताने आपला पसारा आवरते. पानगळ सुरू होते.

या रोगात आणखी एक गोष्ट घडते. त्या जोडप्रथिनावरही गंधकाच्या जागा आहेत. २०१० साली चीन व फ्रान्स येथील संशोधकांनी स्पष्ट केले की सोमल थेट त्या जागा पकडतो, तापट प्राणवायू त्या प्रथिनाचे धागे एकमेकांत गुंतवितो, आणि मग पेशीच त्याला निकामी ठरवून मोडीत काढते. अडसर निघाला की थोड्या मात्रेत पेशी पुढे वाढून प्रौढ होते, अधिक मात्रेत मरते. ज्या पेशीत ग्लुटाथायोन कमी, ती लवकर बळी पडते. ज्या पेशीजवळ साठा भरपूर, ती तग धरते. म्हणूनच हाडामांसाच्या गाठींच्या कर्करोगांत सोमलाला असे यश आलेले नाही. अण्णांच्या फुप्फुसाला तो उपयोगी पडला असता असे मानावयास आधार नाही. हळदीतील करक्युमिनचेही उदाहरण घ्या. काचेच्या बशीत ते कर्करोगाच्या पेशींवर असाच ताण आणून त्यांना मारते. परंतु पोटात घेतलेल्या हळदीतून ते रक्तात फारच थोडे उतरते. बशीतली पेशी मेली म्हणजे अंथरुणावरचा माणूस उठला असे होत नाही.

सोमलाच्या बाबतीत मात्र माणसे उठली, आणि त्याची नोंद आहे. १९९८ साली न्यूयॉर्कमध्ये रोग उलटलेल्या १२ जणांना हे औषध दिले. ११ जणांच्या रक्तात रोग दिसेनासा झाला. २००० साली अमेरिकेने त्याला मान्यता दिली. २०१३ साली इटली व जर्मनीतील डॉक्टरांनी ज्यांचा धोका फार मोठा नव्हता अशा रोग्यांना नेहमीच्या जहाल औषधांऐवजी जीवनसत्त्व-अ च्या जातीचे एक औषध आणि सोमल असे दिले. दोन वर्षांनंतर शंभरांतील ९७ जण रोगाच्या तडाख्यातून सुरक्षित होते, जुन्या पद्धतीत ८६. आपल्याच देशात वेल्लोर येथे १९९८ ते २००४ या काळात ७२ रोग्यांना प्रामुख्याने एकट्या सोमलावर ठेवले, आणि शंभरांत ८६ या प्रमाणात रोग हटला. महागडी औषधे ज्यांना झेपत नाहीत अशा घरांसाठी या आकड्याचे मोल मोठे आहे.

परंतु हे औषध वजनाच्या दर किलोमागे ०·१५ मिलिग्रॅम या मापाने, इस्पितळात, हृदयाचा आलेख काढीत आणि रक्त तपाशीत दिले जाते. मात्रा चुकली तर हृदयाचा ठोका चुकतो. आणि तोच सोमल बंगालच्या कूपनलिकांतून लाखो लोकांच्या पोटात वर्षानुवर्षे गेला, तेव्हा त्याच प्राणवायूच्या ठिणग्यांनी निरोगी पेशींचे गुणसूत्र डागाळले आणि कर्करोग निर्माण केला. पिण्याच्या पाण्यात लिटरमागे १० मायक्रोग्रॅमहून अधिक आर्सेनिक नसावे, ही मर्यादा त्यासाठी आहे. हचिन्सन यांच्या वेळचे कोडे ते हेच. दिवसांच्या हिशेबाने मोजून दिलेला ताण आणि वर्षांच्या हिशेबाने न मोजता सोसलेला ताण, या दोहोंची फळे एक नसतात.

तेव्हा या इतिहासातून आम्हांला जे दिसले ते साधे आहे. स्टॅफर्डमध्ये आणि हार्बिनमध्ये दोन्ही वेळा कोणीतरी पुडी उघडली. आत काय आहे, किती आहे, कोणाला दिले, काय झाले, हे लिहिले आणि इतरांना तपासू दिले. डेव्हनच्या बोगद्यात आणि माटिल्डाच्या टेबलावर कोणी लिहिले नाही, म्हणून तेथे तो सोमल विषच राहिला. नैसर्गिक की कारखान्यातले, देशी की विलायती, हा वाद आम्ही पूर्वी फार घातला. आता घालीत नाही.

आमच्या संघटनेच्या सभेत हल्ली एक रिवाज आहे. खात्यात नवे पिंप आले की त्यावरची चिठ्ठी कोणीतरी मराठीत मोठ्याने वाचून दाखवितो. चिठ्ठी नसेल तर पिंपाला हात लागत नाही. घरी आजारी माणसासाठी कोणी पुडी आणली, तर तीही सभेत आणावी, असे आम्ही सांगून ठेवले आहे. आतापर्यंत तिघांनी आणल्या. तिन्हींवर काही लिहिलेले नव्हते. आम्ही त्या तिघांबरोबर इस्पितळात गेलो, डॉक्टरांपुढे पुड्या ठेवल्या आणि उपचार सुटू दिले नाहीत. अण्णांच्या वेळी हे करावयास हवे होते.