जगात जर्मनी, भारतात परभणी: लाइव्ह डिस्कच्या कर्नलची गोष्ट

"जगात जर्मनी, भारतात परभणी" हे आपण छाती फुगवून म्हणतो. आणि "बनी तो बनी, नहीं तो परभणी" हे दुसरे लोक आपल्याला म्हणतात. आजच्या भागात दोन्ही लागू आहेत.

मागच्या उन्हाळ्यात आपल्या जिल्ह्यातल्या एका शाळेत आठ जुने कॉम्प्युटर पडून होते, सगळ्यांच्या हार्ड डिस्क गेलेल्या. मी म्हटलं, सर, पेनड्राइव्हवरून चालणारं लाइव्ह लिनक्स बनवून देतो, मराठी कीबोर्डसकट. मशीन जुन्या, म्हणून कर्नलही हलका, स्वतः बांधलेला. सरांनी पोरं बोलावून ठेवली होती. बटण दाबलं, आणि काळ्या पडद्यावर नुसता इनिटरॅमएफएसचा प्रॉम्प्ट! पोरं माझ्याकडे बघतायत, मी पडद्याकडे.

हे का झालं ते कळायला थोडं मागं जावं लागतं.

सीडीवरून थेट चालणारं लिनक्स 1992 मध्येच आलं होतं, यिग्ड्रासिल नावाचं. पण हे प्रकरण गाजवलं जर्मनीच्या क्लाउस क्नॉपरनं, 2000 साली, नॉपिक्स काढून. 700 एमबीच्या सीडीत जवळपास 2 जीबीचा माल! युक्ती अशी की सगळं दाबून भरायचं आणि वाचताना लागेल तेवढंच उलगडायचं. हे काम क्लूप नावाचं मॉड्यूल करायचं, पण ते मूळ कर्नलमध्ये नव्हतंच. स्वतःचा कर्नल टाकला की क्लूप वेगळं बांधा, नाहीतर बसा. पुढं त्याची जागा स्क्वॉशएफएसनं घेतली, ते 2009 मध्ये 2.6.29 पासून मूळ कर्नलमध्ये आलं.

दुसरी अडचण लिहिण्याची. सीडीवर तर काही लिहिता येत नाही. मग पुस्तकावर पारदर्शक प्लास्टिक ठेवून त्यावर लिहावं, तसा रॅममध्ये एक थर पसरायचा. हे काम आधी युनियनएफएस, मग ऑफएस करायचं. ऑफएस मूळ कर्नलमध्ये कधीच घेतलं गेलं नाही, त्यामुळं कित्येक वर्षं लोक पॅच लावत बसले. 2014 च्या शेवटी 3.18 मध्ये ओव्हरलेएफएस आलं, तेव्हा कुठं सुटका झाली.

आता माझा घोळ. मी कर्नल बांधताना लोकलमॉडकॉन्फिग वापरलं. ते काय करतं? तुमच्या लॅपटॉपवर त्या घडीला चालू असलेली मॉड्यूल ठेवतं, बाकीची काढून टाकतं. माझ्या लॅपटॉपला स्क्वॉशएफएस कशाला लागणार? गेलं. ओव्हरलेही गेलं. पेनड्राइव्ह तेवढा दिसत होता, कारण बांधताना तो खोचलेला होता! प्रॉकमधली फाइलसिस्टिम्सची यादी उघडली तर स्क्वॉशएफएसचं नाव नाही.

घरी येऊन दोन्ही चालू केली. तरी अडलं. मी इमेज एक्सझेडनं दाबली होती, आणि स्क्वॉशएफएसमध्ये एक्सझेडचा पर्याय वेगळा चालू करावा लागतो. कर्नलनं तसं स्पष्ट लिहिलं होतं, मीच डीमेसेज वाचलं नव्हतं. मग कर्नल पुन्हा बांधला, आणि त्याच व्हर्जनचा इनिटरॅमएफएसही नव्यानं केला. हे दुसरं विसरलात तर मॉड्यूल असूनही सापडत नाहीत.

पुढच्या शनिवारी आठपैकी सहा चालू झाले. उरलेल्या दोघांची रॅमच गेलेली, तिथं कर्नल काय करणार!