पेशीचे दार किलकिले करताना: बंगळुरू, म्हैसूर आणि एक थेंब टोल्युईन

बीटा-गॅलॅक्टोसिडेजचे प्रात्यक्षिक करताना तुम्ही ई. कोलायच्या नळीत टोल्युईनचा एक थेंब टाकता, नळी हलवता आणि मगच ओएनपीजी घालता. हा थेंब कशासाठी, याचे उत्तर प्रयोगवहीत एका ओळीत मिळते: पेशी पारगम्य करण्यासाठी. पण संशोधकांना ही युक्ती का लागली, हे समजण्यासाठी इतिहासाकडे वळावे लागते.

सुरुवात बंगळुरूपासून करू. भारतीय विज्ञान संस्थेत टी. रामकृष्णन आणि त्यांचे सहकारी क्षयाच्या जिवाणूचे जीवरसायनशास्त्र अभ्यासत होते. ई. कोलाय अनुकूल स्थितीत सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो, तर क्षयाच्या जिवाणूला जवळजवळ एक दिवस लागतो. तो एवढा संथ का? १९७६ मध्ये रसिका हर्षे आणि रामकृष्णन यांनी या जिवाणूतील आरएनए पॉलिमरेज शुद्ध करून त्याचे गुणधर्म प्रसिद्ध केले. १९७७ मध्ये त्याच दोघांनी आरएनए साखळीच्या वाढीचा वेग मांडला. तो ई. कोलायच्या सुमारे एक दशांश होता.

हे दोन प्रश्न वेगळ्या प्रकारचे आहेत, हे लक्षात घ्या. विकर शुद्ध करायचे तर पेशी फोडावी लागते. मग विकर हाती येते, पण त्याचे शेजारी आणि पेशीतली दाटी हरवते. उलट, वेग जिवंत पेशीत मोजायचा तर सारे जागच्या जागी असते, पण न्यूक्लिओटाइड थेट आत घालता येत नाहीत. त्यांच्या फॉस्फेट गटांवर ऋण भार असल्याने पटल त्यांना सहसा आत येऊ देत नाही. युरॅसिलसारखा पूर्वघटक द्यावा लागतो, आणि पुढचे काम पेशी आपल्या मर्जीने करते.

या दोन टोकांमधली वाट म्हणजे पारगम्य पेशी. तिचे मोल १९७० मध्ये ठळकपणे दिसले. आदल्याच वर्षी डी लुसिया आणि केर्न्स यांनी ई. कोलायचे असे उत्परिवर्ती वाण दाखवले होते, ज्याच्या अर्कात कोर्नबर्ग यांच्या डीएनए पॉलिमरेजची क्रिया जेमतेम आढळे. तरीही ते वाण व्यवस्थित वाढत होते. मग डीएनएची प्रत कोण बनवते? मोझेस आणि रिचर्डसन यांनी पेशींना टोल्युईन दिले. पेशी मेल्या, पण आतली यंत्रणा शाबूत राहिली. बाहेरून दिलेले न्यूक्लिओटाइड आत गेले आणि प्रतिकरण सुरू झाले. त्यासाठी एटीपी लागतो, हेही दिसले. ते आत घालणे न घालणे आता संशोधकाच्या हाती होते.

बंगळुरूहून म्हैसूर फार दूर नाही. तिथल्या केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्थेत गौडा, जोशी आणि भट यांनी क्लुव्हेरोमायसेस फ्रॅजिलिस या यीस्टसाठी डिजिटोनिन वापरले. हे काम १९८८ मध्ये प्रसिद्ध झाले. डिजिटोनिन पटलातल्या स्टेरॉलला चिकटते. यीस्टच्या पटलात एर्गोस्टेरॉल असते, म्हणून तिथे छिद्रे पडतात. लहान रेणू आत-बाहेर करतात, पण मोठी विकरे आतच राहतात आणि पेशी न फोडता त्यांची क्रिया मोजता येते. बहुतेक जिवाणूंच्या पटलात स्टेरॉल नसते, म्हणून ही युक्ती तिथे चालत नाही. क्षयाच्या जिवाणूभोवती तर मायकोलिक आम्लांचे मेणचट आवरण असते. प्रत्येक दाराची किल्ली वेगळी.

म्हणून पुढच्या वेळी टोल्युईनचा थेंब टाकाल, तेव्हा एक चाचणी जरूर करा. पेशी अपकेंद्रित्रात फिरवून खाली बसवा आणि वरच्या द्रवात विकराची क्रिया मोजा. ती नगण्य असेल, तर दार किलकिले झाले आहे. ती भरपूर असेल, तर भिंतच कोसळली आहे, आणि तुमचा आकडा पेशीचा नसून अर्काचा आहे.