समुद्रातले प्लॉट

मागच्या रविवारी पुतण्या आला होता. गावाजवळच्या जमिनीत भागीदारीत प्लॉट पाडायचं त्याच्या मनात आहे. गुंतवणूकदारांना दाखवायचं माहितीपत्रक माझ्यापुढे ठेवून म्हणाला, "काका, शुद्धलेखन तेवढं बघा." सवयीने लाल पेन उचललं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका चारच निघाल्या, पण "प्रस्तावित" हा शब्द सात वेळा सापडला. प्रस्तावित रस्ता, प्रस्तावित पाणीयोजना... आणि मला एकदम मुंबईची बॅक बे कंपनी आठवली.

१८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेना, तेव्हा आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा मावेना. नव्या बँका, नव्या कंपन्या निघू लागल्या. त्यातलीच ही बॅक बे रिक्लेमेशन कंपनी. समुद्रात भर घालायची, रेल्वेला जागा द्यायची आणि उरलेली जमीन विकायची, असा बेत. पाच हजारांचा शेअर कितीतरी पट भावाने गेला. प्रेमचंद रायचंदांसारखा मातबर व्यापारी पाठीशी, सरकारही अनुकूल. जमीन तेवढी अजून पाण्याखाली!

१८६५च्या एप्रिलमध्ये जनरल ली शरण आला. कापूस गडगडला. शेअरचे वायदे १ जुलैला पुरे करायचे होते. तेव्हा एकामागून एक पेढ्या बुडाल्या. बँक ऑफ बॉम्बेही सावरली नाही. १८६८ मध्ये ती गुंडाळावी लागली.

गंमत अशी, की कंपनीचं म्हणणं खोटं नव्हतं. मुंबईला जागा हवीच होती. विसाव्या शतकात तिथे भर पडली, मरीन ड्राइव्ह झाला. पण १८६४ साली शेअर घेणाऱ्याला त्याचा काय उपयोग? जमीन व्हायला दोन पिढ्या लागणार होत्या आणि कापसाचा पैसा युद्धाबरोबर आटणार होता.

पुतण्याला एवढंच म्हटलं, "प्रत्येक 'प्रस्तावित'पुढे लिही, मंजुरी कुठवर आली आहे आणि काम रखडलं तर लोकांचे पैसे कसे परत करशील."

"काका, असं लिहिल्यावर पैसे कोण घालणार?"

"जो घालेल, तो उद्या तुझ्या दारात भांडायला येणार नाही."

काही न बोलता तो कागद घेऊन गेला. शेवटच्या पानावर संभाव्य गुंतवणूकदारांची यादी होती. पहिलं नाव माझंच. ते मी खोडलेलं नाही. दुरुस्त केलेली प्रत आली, की बघू.