खाट, कावड आणि मोटार : नाजूक बालकांच्या प्रवासाचा इतिहास (थ्रेड)

१/९
१९९९ साली, अवघ्या दोन महिन्यांच्या अंतराने, वैद्यकविश्वात दोन लेख प्रसिद्ध झाले. एक अमेरिकेतील मोटारींविषयी होता, दुसरा गडचिरोलीच्या खेड्यांविषयी. दोन्ही एकत्र वाचले की एकच प्रश्न समोर येतो : ज्या बालकाचा जीव मुळातच नाजूक आहे, त्याला रस्त्यावर आणावे तरी कसे?

२/९
ऑक्टोबरमधील पहिला लेख अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचा. विशेष वैद्यकीय गरजा असलेल्या बालकांना मोटारीतून सुरक्षित कसे न्यावे, हा त्याचा विषय. आडवे झोपवूनच न्यावे लागणाऱ्या अर्भकासाठी पट्ट्यांनी बांधता येणारी शय्या हवी. प्राणवायूसारखी उपकरणे पक्की बांधलेली हवीत.

३/९
या काळजीमागे शरीरशास्त्र होते. अकाली जन्मलेले मूल अर्धवट बसवले, की त्याची मान पुढे झुकते आणि श्वासमार्ग अरुंद होतो. निरोगी मुलाला तारणारे आसनच त्याला घातक ठरू शकते.

४/९
या साऱ्या सूचनांनी तीन गोष्टी गृहीत धरल्या होत्या : मोटार, रस्ता आणि रुग्णालय. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या गडचिरोलीत या तिन्हींची वानवा होती.

५/९
हेमलकशाला १९७३ साली लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला, तेव्हा रुग्ण बैलगाडीतून वा खाटेची कावड करून, खांद्यावरून आणले जात. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडची वाटच बंद होई. कमी वजनाच्या नवजाताचे अंग वाटेतच गार पडते; त्याच्यासाठी असा प्रवास हाच एक आजार.

६/९
डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९५-९६ मध्ये ३९ गावांतील ७६३ नवजातांची नोंद ठेवली. सुमारे ९५ टक्के जन्म घरीच झाले होते. निम्म्याहून अधिक बालकांना उपचारांची गरज होती. रुग्णालयात पोहोचली ती ०.४ टक्के.

७/९
मूल रुग्णालयापर्यंत जात नसेल, तर उपचारांनीच मुलापर्यंत जावे, हे ‘सर्च’चे उत्तर होते. गावातीलच स्त्री ‘आरोग्यदूत’ झाली. गुदमरलेल्या बाळाला श्वास देणे, त्याला उबदार ठेवणे, जंतुसंसर्ग ओळखून इंजेक्शन देणे, हे सारे ती शिकली.

८/९
डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने निष्कर्ष छापले. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांच्या मानाने, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला होता. २०११ पासून ही पद्धत ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत देशभर पोहोचली.

९/९
तरीही काही बालकांना रुग्णालय गाठावेच लागते. २०१४ मध्ये महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आली. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना पट्टा वा बालआसन अनिवार्य केले. मात्र ज्याला बसवताच श्वास कोंडतो, त्या मुलाविषयी ते कलम मौन बाळगते. भामरागडहून निघालेल्या आईच्या मांडीवर आजही कधीकधी तेच मूल असते.