डोक्याला मार लागून रुग्णालयात कोण जास्त दाखल होतं? अमेरिकेत ज्येष्ठ, आपल्याकडे दुचाकीस्वार

डोक्याला जोरात मार बसून मेंदूला इजा झाली की डॉक्टर तिला ‘ट्रॉमॅटिक ब्रेन इंज्युरी’ किंवा टीबीआय म्हणतात. इजा जगभर तीच, पण तिच्यामुळे रुग्णालयात कोण येतं हे प्रदेशानुसार बदलतं.

अमेरिकेत सीडीसी या सरकारी संस्थेच्या आकडेवारीनुसार २०२० मध्ये टीबीआयमुळे सुमारे २ लाख १४ हजार वेळा रुग्ण दाखल झाले. त्यातले जवळपास निम्मे कुठेतरी पडल्यामुळे. दाखल होणाऱ्यांपैकी साधारण एक तृतीयांश ७५ वर्षांचे किंवा त्याहून मोठे असतात.

भारतात चित्र काय?

भारतात अशी देशव्यापी नोंद ठेवली जात नाही. मोठ्या रुग्णालयांच्या नोंदी हाच आधार. बेंगळुरूच्या निम्हान्समधल्या अभ्यासांत सुमारे ६० टक्के रुग्ण रस्ते अपघातातले, तर २० ते २५ टक्के पडल्यामुळे आलेले दिसतात. पहिला आकडा एवढा मोठा का, हे मृत्यूंच्या नोंदींवरून कळतं. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १,६८,४९१ जण गेले आणि त्यातले ७४,८९७ दुचाकीवर होते. हेल्मेट नसलेले ५०,०२९. त्यातले १४,३३७ गाडी चालवत नव्हते, मागे बसले होते. खरं तर मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, म्हणजे मागे बसणाऱ्यालाही, हेल्मेट सक्तीचं आहे. पण ‘इथेच तर जायचंय’ म्हणून ते घरीच राहतं.

कमी भरती म्हणजे कमी धोका?

इथेच आकडे फसवतात. जो रस्त्यातच दगावला, तो ‘दाखल’ झालेल्यांत मोजला जात नाही. गावच्या दवाखान्यातून गोळ्या घेऊन परतलेलाही नाही. उलट जिथे सीटी स्कॅन सहज होतो, तिथे किरकोळ रक्तस्रावही सापडतो आणि भरती वाढते. त्यामुळे एखाद्या जिल्ह्यात टीबीआयचे रुग्ण कमी दिसले, तर आधी जवळचं सीटी स्कॅन मशीन किती लांब आहे ते पाहावं.

खर्चाचाही प्रश्न असतो. मे २०२५ मध्ये केंद्राने लागू केलेल्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे कॅशलेस उपचार मिळू शकतात. न्हाणीघरात घसरलेल्या आजी मात्र या योजनेत बसत नाहीत.

त्यांच्याबाबत एक गोष्ट लक्षात ठेवा. वय वाढलं की मेंदू थोडा आकसतो, त्याच्याभोवतीच्या शिरा ताणल्या जातात आणि हलक्या धक्क्यानेही फाटू शकतात. रक्त हळूहळू साचतं. नुसतं टेंगूळ आलं म्हणून सोडून दिलेल्या पडण्याचा त्रास दोन-तीन आठवड्यांनी जाणवू शकतो, आणि घरच्यांना वाटतं, वयामुळे विसरायला लागल्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर धोका आणखी वाढतो, अशा वेळी लगेच डॉक्टरांना दाखवा.

वय कोणतंही असो, मार लागल्यावर पुन्हा पुन्हा उलटी, वाढती डोकेदुखी, झटका, गुंगी, बोलण्यात अडखळणं, एका बाजूचा अशक्तपणा किंवा नाका-कानातून पाण्यासारखा स्राव, यांपैकी काहीही दिसलं तर १०८ ला फोन करा.