सहा फुटांचा एक इंच

लखनौत दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी पतंग उडवितात. आपल्याकडे हा मान संक्रांतीचा. येथील लोक या दिवसाला ‘जमघट’ म्हणतात आणि त्या दिवशी चौकाच्या जुन्या वस्तीतील एकही गच्ची मोकळी नसते. त्या वस्तीत पतंग बनविणारे एक वृद्ध कारागीर आहेत. नोकरीच्या निमित्ताने या शहरात आल्यापासून मी अधूनमधून त्यांच्याकडे जातो, पण पतंग घेण्यासाठी नव्हे. बांबू चिरून त्यांनी काढलेल्या कामट्या इतक्या सरळ, इतक्या सारख्या आणि इतक्या लवचिक असतात की, माझ्या कामाला त्यांच्यासारखे दुसरे काही मिळत नाही. माझे काम म्हणजे कचेरी सुटल्यानंतरचे काम. जुन्या लष्करी विमानांच्या लहान, मापशीर प्रतिकृती करण्याचा मला छंद आहे.

एकदा अर्धवट झालेली एक प्रतिकृती मी त्यांना दाखविण्यासाठी नेली. त्यांनी ती तळहातावर तोलून पाहिली आणि विचारले, “साहब, यह उड़ेगी?” मी म्हणालो, “जी नहीं.” त्यावर ते क्षणभर थांबले आणि अगदी सौजन्याने म्हणाले, “तो फिर बनाते क्यों हैं?”

प्रश्न साधा होता, पण मला तेथे त्याचे उत्तर देता आले नाही. आज ते देण्याचा प्रयत्न करतो.

पहिली गोष्ट अशी की, विमानाच्या इतिहासात लहान वस्तू आधी आली आणि मोठी मागून आली. अल्फॉन्स पेनो या फ्रेंच तरुणाने १८७१ मध्ये पीळ दिलेल्या रबराच्या जोरावर चालणारे एक चिमुकले विमान पॅरिसच्या बागेत उडवून दाखविले. ते काही सेकंदच हवेत राहिले, पण राहिले स्थिर. अशाच तऱ्हेचे रबरावर उडणारे एक खेळणे १८७८ मध्ये अमेरिकेतील एका धर्मोपदेशकाने आपल्या दोन मुलांना आणून दिले. ती मुले म्हणजे विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. ऑस्ट्रेलियातील लॉरेन्स हारग्रेव्ह यांनी १८९३ मध्ये पेटीच्या आकाराचा पतंग सिद्ध केला, आणि पुढे युरोपातील आरंभीच्या कित्येक विमानांनी आपली ठेवण त्या पतंगावरून उचलली. तेव्हा चौकातील आमचे कारागीर आणि विमान बांधणारे पहिले यंत्रज्ञ हे एकाच कुळातले होत, असे म्हटल्यास फारसे वावगे होणार नाही.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. या छंदात जे प्रमाण पुष्कळ रूढ आहे ते एकास बहात्तर, म्हणजे सहा फुटांचा एक इंच. त्याची सोय अशी की, सहा फूट उंचीचा माणूस बरोबर एक इंचाचा होतो. इंग्लंडमध्ये १९३० नंतरच्या दशकात ते रुजले. दुसऱ्या महायुद्धात तर त्याला सरकारी प्रतिष्ठाच लाभली. आकाशात दिसणारे विमान आपले की शत्रूचे, हे सैनिकांना ओळखता यावे म्हणून अमेरिकेच्या नौदलाने १९४२ मध्ये शाळांतील मुलांकडून याच प्रमाणाच्या पाच लाख लाकडी प्रतिकृती मागविल्या होत्या. आपल्याकडेही राष्ट्रीय छात्रसेनेचा हवाई विभाग १९५० मध्ये मुंबई आणि कलकत्ता येथे सुरू झाला, आणि त्याच्या शिक्षणात विमानांच्या प्रतिकृती करणे हा एक विषय आहे.

माझ्या टेबलावर सध्या तीन प्रतिकृती आहेत. त्या तिघींची हकीकत सांगितली म्हणजे माझे उत्तर आपोआप पुरे होईल.

पहिली आहे ‘ब्रिस्टल बॉक्सकाइट’. नावातच पतंग आहे. हे विमान मी निवडले ते औरंगाबादसाठी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरसाठी. जानेवारी १९११ मध्ये त्या भागात सैन्याच्या कवायती चालू असताना ज्युलरो नावाच्या फ्रेंच वैमानिकाने हे विमान आकाशात नेले आणि तोफखान्यातील कॅप्टन सेफ्टन ब्रँकर यांनी त्यात बसून खालच्या फौजांची टेहळणी केली. खुद्द इंग्लंडमध्ये सैन्याची स्वतंत्र हवाई पलटण १ एप्रिल १९११ रोजी अस्तित्वात आली. म्हणजे मराठवाड्याच्या माळरानावर हा प्रयोग झाला तेव्हा ती पलटण जन्मालाही आली नव्हती. पुढच्याच महिन्यात, १८ फेब्रुवारी १९११ रोजी, अलाहाबादेहून, म्हणजे आजच्या प्रयागराजहून, आंरी पेके याने सुमारे साडेसहा हजार पत्रे विमानाने नैनीला पोहोचविली. त्या फेरीचे स्मरण आपण टपालतिकिटांनी जागे ठेवले आहे. औरंगाबादची आठवण मात्र फारशी कोणी काढत नाही.

बॉक्सकाइटची प्रतिकृती करताना मला एक धडा मिळाला. या विमानाच्या पंखांच्या मागील कडेला लहान झडपा असतात. विमान एका अंगाला कलते ते त्यांच्यामुळे. त्या झडपांना ओढणारी तार एकाच बाजूने असते. परत आणणारी तार नाही. त्यामुळे विमान जमिनीवर उभे असले की, त्या झडपा दमलेल्या पाखराच्या पंखांसारख्या खाली लोंबतात, आणि वेग आला म्हणजे वाऱ्यानेच वर उचलल्या जातात. मी त्या अगदी सरळ रेषेत बसविल्या होत्या. दिसायला सुरेख, पण उभ्या विमानाच्या दृष्टीने साफ खोट्या. पुस्तकात मी हे वाचले नव्हते असे नाही. वाचले होते आणि विसरलो होतो. हाताने चूक केली तेव्हाच ते डोक्यात उतरले. या विमानाचे इंजिनही मोठे विलक्षण. त्याचे सर्व सिलिंडर पंख्याबरोबर गरगरा फिरत, आणि त्याला वंगण लागे ते एरंडेलाचे. असे इंजिन वैमानिकाच्या पुढे असले की ते जळून उडे आणि त्याच्या नाकातोंडात जाई. बालपणी एरंडेलाचा चमचा पाहून ज्यांनी घर डोक्यावर घेतले असेल त्यांना त्या वैमानिकांच्या शौर्याची आणखी एक बाजू समजेल.

दुसरी प्रतिकृती ‘मॉरिस फारमान’ या फ्रेंच विमानाची. तिचे कारण लखनौहून सुमारे नव्वद किलोमीटरवर आहे. सीतापूर हे आज जिल्ह्याचे एक शांत गाव. १९१३-१४ च्या सुमारास हिंदुस्थान सरकारने आपली पहिली मध्यवर्ती लष्करी विमानशाळा येथील छावणीत काढली. २९ व्या पंजाबी पलटणीतील कॅप्टन मासी हे तिचे प्रमुख. तेथील विमानांत मॉरिस फारमान जातीची विमाने होती. सत्तर अश्वशक्तीचे इंजिन, ताशी शंभर किलोमीटरच्याही आतला वेग, आणि पंखांचा विस्तार मात्र साडेपंधरा मीटरांच्या आसपास. त्याच्या पुढच्या बाजूला लांब दांड्यांवर एक आडवा पंख असे. त्या शिंगांसारख्या दांड्यांवरून इंग्रज शिपायांनी त्याचे नाव ‘लाँगहॉर्न’, म्हणजे लांबशिंग्या, असे ठेवले होते.

शाळा नीट मूळ धरते न धरते तोच ऑगस्ट १९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि ती बंद झाली. माणसे आणि सामान इजिप्तकडे रवाना झाले. त्या वर्षाच्या अखेरीस मासी यांच्या हाताखालची तुकडी सुएझ कालव्यावर इस्माइलिया येथे काम करू लागली, आणि फेब्रुवारी १९१५ मध्ये तुर्कांनी कालव्यावर चाल केली तेव्हा वाळवंटात पुढे जाऊन त्यांच्या हालचाली पाहून येण्याचे काम विमानांनी केले. कालव्याच्या काठी खंदकांत बसलेल्या फौजेत मोठा भरणा भारतीय पलटणींचा होता.

या प्रतिकृतीत साडेपंधरा मीटरांचे साडेएकवीस सेंटिमीटर होतात. पंखांच्या मधील तारा केसाएवढ्या बारीक होतात. कामट्या तासून मी सांगाडा केला, त्यावर पातळ कागद खळीने चिकटविला आणि त्यावर रोगण दिले. खऱ्या विमानावर लिननचे कापड ताणून त्याला रोगण देत. रोगण सुकले की कापड ढोलाच्या कातड्यासारखे ताठ होई. माझ्या खोलीतही उन्हाळ्यात लाकूड सुकते, पावसाळ्यात फुगते, आणि ताणलेले धागे सैल पडतात. एका जुलैत संपूर्ण डावा पंख पिळवटलेला पाहिला, तेव्हा सीतापूरच्या छपरांखाली त्या कारागिरांना काय सोसावे लागले असेल याची मला पहिल्यांदा कल्पना आली. शिवाय उष्ण हवा विरळ असते. तिच्यात पंखाला उचल कमी मिळते आणि इंजिनाचीही ताकद घटते. सत्तर अश्वशक्तीत तूट सोसण्याजोगे फारसे काही नव्हतेच.

याच विमानावर माझ्या हातून मोठी चूक घडली. पंखांवर मी लाल, पांढरी आणि निळी अशी वर्तुळे रंगविली. ब्रिटिश लष्करी विमान म्हटले की ती वर्तुळे डोळ्यांपुढे येतात. रंग सुकला, पाहुण्यांनी वाहवा केली, आणि नंतर ध्यानात आले की, ती खूण सैन्याच्या विमानांवर डिसेंबर १९१४ मध्ये आली. म्हणजे सीतापूरची शाळा मिटल्यावर. मी ती वर्तुळे खरवडून काढली. विमान पुन्हा पिवळट, निरलंकार झाले. पाहुणे आता त्याच्याकडे फारसे वळत नाहीत.

सरकारी नोकरीत आम्हाला एक सवय लागते. फाइलीत कागद नसेल तर ती गोष्ट गृहीत धरायची नाही. पुष्कळदा लोक आमच्या या सवयीला हसतात, आणि ते हसणे सर्वस्वी अन्यायाचे आहे असेही नाही. पण इतिहासाच्या कामी ही सवय मोलाची आहे. गतकाळाचे चित्र रंगविताना हात आपोआप सुंदरतेकडे आणि परिचिताकडे ओढ घेतो. जे नव्हते ते तो भरून काढतो. लेखकाला एखाद्या गोलमोल वाक्याखाली आपले अज्ञान झाकता येते. प्रतिकृती करणाराला तीही सोय नाही. तार एक तर येथे बांधायची किंवा तेथे. वर्तुळ रंगवायचे किंवा रंगवायचे नाही. येथील रेसिडेन्सीच्या वस्तुसंग्रहालयात त्या परिसराची एक जुनी प्रतिकृती आहे. बाहेर भग्न भिंती पाहून आलेला माणूस तिच्यापुढे उभा राहिला की, कोणती भिंत कोणत्या दालनाची होती हे त्याला उमगते. विमानाची तर भिंतही मागे राहत नाही.

तिसरी प्रतिकृती सर्वांत लहान. पंखांचा विस्तार पावणेचौदा सेंटिमीटर. ‘सॉपविथ डॉल्फिन’. ही मी केली मुंबईच्या एका तरुणासाठी. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या हवाई दलात वैमानिक म्हणून लढलेल्या भारतीयांत चार नावे आवर्जून घेतली जातात. त्यांपैकी इंद्रलाल राय जुलै १९१८ मध्ये अवघ्या काही दिवसांत दहा विमाने पाडून त्याच महिन्यात कामी आले. हरदितसिंग मलिक जगले आणि स्वतंत्र भारताचे राजदूत झाले. एरॉल सेन शत्रूच्या हाती सापडले. चौथे श्रीकृष्ण वेलिणकर. ते २३ व्या स्क्वाड्रनमध्ये डॉल्फिन चालवीत. जून १९१८ च्या अखेरीस ते गस्तीवर गेले ते परतले नाहीत. ३० जून हा त्यांचा मृत्युदिन. फ्रान्समधील सोम विभागात आंगार या खेड्याच्या दफनभूमीत त्यांची कबर आहे.

डॉल्फिनची रचना निराळी. वरचा पंख खालच्या पंखापेक्षा मागे सरकविलेला, आणि वैमानिकाच्या डोक्यावर पंखाचा सांगाडा उघडाच ठेवलेला. त्या मोकळ्या चौकटीतून त्याचे मस्तक पंखाच्या वर निघे. त्यामुळे आभाळ चौफेर दिसे. शत्रूला टिपण्यास याहून सोयीची जागा नव्हती. पण विमान उतरताना उलटले, तर जमिनीवर सर्वांत आधी आपटे ते तेच मस्तक. वैमानिकांना या विमानाची धास्ती वाटे ती यासाठी. हे मी वाचले होते. पण ती चौकट कामट्यांची करून बसविली, तिच्या वर काहीच नाही हे बोटाने चाचपून पाहिले, तेव्हा तो सर्व प्रकार मला निराळाच वाटू लागला. मूळचे एकही डॉल्फिन आज अखंड उरलेले नाही. लंडनच्या हवाई दल संग्रहालयात आहे ते जुन्या अवशेषांना नवे भाग जोडून उभे केलेले.

श्रोतेहो, या छंदाचा एक धोका मी लपविणार नाही. प्रमाण लहान झाले की युद्धही गोजिरे दिसू लागते. सहा फुटांचा एक इंच होतो, पण भीतीचा, आगीचा, घरी पोहोचलेल्या तारेचा इंच होत नाही. त्या गोष्टी प्रतिकृतीत मावतच नाहीत. म्हणून डॉल्फिनच्या आसनावर मी इंचभर उंचीचा वैमानिक बसविला नाही. ते आसन रिकामे आहे.

परवा ही प्रतिकृती घेऊन मी पुन्हा चौकात गेलो. तीही उडणार नव्हती, हे आम्हां दोघांनाही ठाऊक होते. वृद्ध कारागिरांनी ती उजेडाकडे धरली, आपल्याच कामट्या ओळखल्या, आणि विचारले, “इसमें आदमी कहाँ बैठता था?” मी वरच्या पंखातली ती मोकळी चौकट दाखविली. त्यांनी आपले बोट हलकेच तिच्यावर ठेवले आणि पुष्कळ वेळ तसेच राहू दिले. या वेळी, बनविता कशाला, असे त्यांनी विचारले नाही.