जीर्णोद्धार आणि पुरावा : क्रिस्तोफोरीचे पियानो

फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने घडविलेले तीनच पियानो आज उपलब्ध आहेत : इ. स. १७२० चा न्यूयॉर्क, १७२२ चा रोम व १७२६ चा लाइपझिग येथे. त्याच्या परिणत रचनेत हातोडीचे डोके कागदाची गुंडाळी सरसाने चिकटवून केलेले असून आघाताच्या जागी चामड्याची पट्टी असते. असा भाग बदलल्यास वाद्य वाजू लागेल; पण मूळ नादाचा पुरावा लोपेल. १७२० च्या वाद्याला १९३८ मध्ये नवा ध्वनिफलक बसविण्यात आला. ते वाजते, परंतु क्रिस्तोफोरीने ऐकलेला नाद त्यावरून कळत नाही. हस्तलिखिताचा संपादक त्रुटित स्थळी स्वतःचे शब्द घालीत नाही. वाद्यासही तोच न्याय लावावा : जीर्ण भाग जपावा, वादनासाठी प्रतिकृती घडवावी.